पाच जणांच्या टीमला पुल रिक्वेस्ट हवी की थेट मेनवर पुश?

विश्रामबागकर
सांगलीत आमची पाच जणांची टीम आहे. हळदीच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो: आवक, सौदे, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. नियम असा की मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडवर, थेट पुश कुणी करायचं नाही, आपला बदल परस्पर तिथं पाठवायचा नाही. ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढायची, पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मेनमध्ये घ्या अशी विनंती) टाकायची आणि दुसऱ्यानं वाचल्यावरच मर्ज करायचं, म्हणजे मेनमध्ये मिसळायचं. आता दोघांचं म्हणणं, एकाच खोलीत बसतो तर एवढा सोपस्कार कशाला? माझ्या मते नियम राहिलाच पाहिजे.

का ते सांगतो. एकानं आपल्या ब्रँचवर वजन क्विंटलऐवजी किलोत साठवायला घेतलं. त्याच आठवड्यात दुसऱ्यानं वेगळ्या फाइलमध्ये नवा रिपोर्ट लिहिला, त्यात वजन गुणिले क्विंटलचा दर. फाइली वेगळ्या, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची एकाच जागी टक्कर) नाही, गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, निमूटपणे मर्ज करणार. किलो की क्विंटल हे त्याला कळायचं कारणच नाही. पट्टीवर रक्कम शंभरपट झाली असती. पुल रिक्वेस्ट वाचणाऱ्यानं ते पकडलं. हा कागद शेतकऱ्याच्या हातात पडतो, त्यावर तो घरचं गणित मांडतो. तिथं चूक चालणार नाही.

मिरज_जंक्शन
उदाहरण चांगलं आहे, पण माझ्या बाजूचं आहे. ते दोघं आठवडाभर आपापल्या ब्रँचवर बसले म्हणून हे झालं. रोज मेनवर आणलं असतं, तर पुढच्या सकाळी पुल केल्याबरोबर, म्हणजे मेनवरचे नवे बदल आपल्याकडे घेतल्याबरोबर, दुसऱ्याला किलो दिसलं असतं.

गिट 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सनी लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) लिहिलं, बिटकीपर या तशाच सॉफ्टवेअरची फुकट सोय बंद झाली तेव्हा. तिथं जगभरातले, एकमेकांना कधी न भेटलेले लोक काम करतात. अनोळखी माणसाचा कोड वाचूनच घ्यावा लागतो. तुमचे पाच जण एकत्र डबा खातात! व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी 2010 मध्ये डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा वेगवेगळ्या कामांच्या ब्रँचेसची गिट-फ्लो ही पद्धत मांडली. 2020 मध्ये त्यांनीच त्या लेखावर टीप घातली की सतत नवी आवृत्ती रिलीज करणाऱ्या टीमनं सोपी पद्धत घ्यावी.

आणि शुक्रवारी संध्याकाळी चाळीस फाइलींची पुल रिक्वेस्ट आली, तर कोण ओळ न् ओळ वाचतं? त्यापेक्षा टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहा आणि प्रत्येक पुशला आपोआप चालू द्या.

विश्रामबागकर
चाळीस फाइलींची पुल रिक्वेस्ट मी परत पाठवतो. टेस्टचं म्हणाल तर ज्यानं क्विंटल धरून रिपोर्ट लिहिला, त्यानं टेस्टही क्विंटल धरूनच लिहिली होती, आणि ती पास होत होती. आवकेच्या नोंदीपासून छापलेल्या पट्टीपर्यंत सलग जाणारी टेस्ट असती तर सापडलं असतं, हे खरं. ती आता लिहितोय. पण कुठं काय राहिलंय हे दुसऱ्या माणसाच्याच डोळ्याला दिसतं.

कृष्णाकाठ
तुमच्या वादात एक गोष्ट सुटतेय. ऑगस्ट 2019 च्या पुरात मी होतो त्या ऑफिसात पाणी शिरलं. कोड एकाच सर्व्हरवर, शेअर फोल्डरमध्ये, झिप करून ठेवलेला. मशीन गेलं, कोड गेला. गिटमध्ये क्लोन केलेल्या, म्हणजे पूर्ण प्रत घेतलेल्या, प्रत्येक मशीनवर सगळा इतिहास असतो, हे आमच्या भागात फार मोलाचं आहे. पण पुश न केलेली ब्रँच फक्त तुमच्याच लॅपटॉपवर असते! पद्धत कुठलीही ठेवा, घरी जाण्याआधी पुश कराच.

तासगाववाला
नियम पाळून घेणार कसा, तेही बघा. गिटहब या गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायच्या सेवेच्या फ्री खात्यात प्रायव्हेट रेपोला (खासगी कोडच्या साठ्याला) ब्रँच प्रोटेक्शन, म्हणजे ब्रँचवर थेट पुश रोखायची सोय, मिळत नाही, पैसे भरावे लागतात. गिटलॅब या तशाच सेवेच्या फ्रीमध्ये प्रोटेक्टेड ब्रँच आहे. ते नसेल, तर एका फोर्स पुशनं (सर्व्हरवरचं पुसून आपलं बसवणाऱ्या पुशनं) बाकीच्यांचं काम मेनवरून उडतं. निदान फोर्स-विथ-लीज हा त्याचा सावध पर्याय वापरायची सवय लावा, आपण न आणलेलं काम सर्व्हरवर असेल तर पुश नाकारला जातो.

हळदीगाव
मी अशाच एका टीममध्ये नवीन आहे. अडत कशावर लागते, हमाली कुणाच्या नावावर पडते, हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. पुल रिक्वेस्टवरच्या शेऱ्यांतून कळलं. सहा महिन्यांनी शंका आली, तरी तो शेरा तिथंच सापडतो. थेट पुश असतं तर ज्येष्ठांनी माझी चूक गुपचूप दुरुस्त केली असती, आणि मला पत्ताही लागला नसता.

विश्रामबागकर
नेमकं हेच. मिरजकर, तुमचं एक घेतो: दोन दिवसांपेक्षा जुनी ब्रँच ठेवायची नाही. पण हिशेबाच्या फोल्डरमधली एक ओळसुद्धा दुसऱ्यानं वाचल्याशिवाय मेनवर जाणार नाही.

मिरज_जंक्शन
दोन दिवसही जास्तच, पण ते सोडा. हळदीगावचा मुद्दा मला पटला, फक्त त्याला पुल रिक्वेस्टच लागते असं नाही. नव्या माणसाशेजारी खुर्ची घेऊन बसा, दोघं मिळून लिहा, कॉमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या नोंदीत) कारण लिहा आणि तिथूनच मेनवर पुश करा. वाचणाऱ्याची वाट बघत कोड अडकून राहत नाही. ज्या दिवशी वाचणारा रजेवर असतो आणि बाजारात पट्ट्या थांबलेल्या असतात, त्या दिवशी तुमचा नियम काय म्हणतो, ते आधी सांगा.