मदत हवी आहे: आयशेनडॉर्फच्या कवितेतल्या 'श्पीलमान'ला मराठीत काय म्हणू?

जर्मनच्या क्लासला आयशेनडॉर्फ या जर्मन कवीची 'दास त्सेरब्रोखने रिंगलाइन' म्हणजे मोडलेली अंगठी ही कविता मराठीत करायला घेतलीये आणि पार अडकलेय. कविता १८१३ ला छापून आली, पुढच्याच वर्षी फ्रीडरिश ग्ल्यूक या संगीतकाराने चाल लावली, आता तर लोकगीतच झालंय. गोष्ट साधी, दरीतल्या पाणचक्कीपाशी राहणारी प्रेयसी निघून गेलीये, तिने शब्द दिला होता, सोबत अंगठीही, मग तिने शब्द मोडला आणि अंगठीचे दोन तुकडे झाले. 'ट्रॉय'ला निष्ठा लिहिलं की निबंध वाटतो म्हणून शब्दच ठेवलाय, चालेल ना?

खरा घोळ तिसऱ्या कडव्यात आहे. कवितेतल्या प्रियकराला श्पीलमान (गावोगाव फिरणारा गाणारा-वाजवणारा) होऊन आपली गाणी गात दारोदार जायचंय. शाहीर म्हटलं तर डफ आणि पोवाडाच ऐकू येतो, मैत्रीण म्हणते वासुदेव कर (मोरपिसांची टोपी घातलेला जर्मन प्रेमवीर, हसूनच मेले मी!). 'भटका गवई' जरा बरं वाटतंय पण चालीत बसत नाही. शेवटी चक्कीचा आवाज आला की त्याला मरावंसं वाटतं, म्हणजे एकदाचं सगळं शांत होईल, तिथे 'श्टिल'ला शांत लिहू का निवांत? गुरुवारपर्यंत द्यायचंय, सुचवा ना कुणीतरी.