डी. वाय. पाटीलला मॅच, स्टेडियमबाहेरचे फोटो कसे आखू?

नेरुळकर: संध्याकाळी साडेसातची मॅच आहे. २८ एमएम (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा. कुठे, किती वाजता उभं राहू?

खाडीकाठ: साडेचारलाच जा. जर्सीवाले, गालावर तिरंगा रंगवणारे, सगळे गर्दीआधी मांडामांड करतात. उजेड असेपर्यंत एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान), फोकस अडीच मीटरवर लॉक; साधारण दीड ते दहा मीटर शार्प मिळतं. अंधारात एफ/२.८ (छिद्र मोठं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००.

तलावपाळी: शटर मात्र १/१०० सेकंद ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ला फोटोवर काळे पट्टे येतात. चालणारी माणसं थोडी हलतील, हलू देत.

खाडीकाठ: मोठा कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, तिकिटावर पैसे घालवू नकोस. मॅच सुटल्यावर गर्दीच्या फोटोंसाठी नेरुळ स्टेशनचा जिना धर.