मदत हवी आहे: छापलेल्या एमआरआय कॉइलचा क्यू ३३ च्या वर जातच नाही

चंदेरी_रेघ
आठ सेंटीमीटर व्यासाची रिसीव्ह कॉइल (स्कॅनच्या वेळी शरीरातून येणारा सिग्नल टिपणारी) आहे, पीईटी, म्हणजे पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या फिल्मवर चांदीच्या शाईने स्क्रीन प्रिंट केलेली. क्यू (क्वालिटी फॅक्टर, जितका जास्त तितका तोटा कमी) ३३ येतोय. तांब्याची तशीच कॉइल केली तर २४०.

तीन आठवडे भट्टीपाशी उभा आहे. १२० अंशांना दहा मिनिटं, वीस, चाळीस, तासभर, सगळं करून झालं. तासभर ठेवल्यावर वेढ्याचा रेझिस्टन्स १.४ ओहमवरून १.० वर आला, क्यू मात्र २८ वरून ३३ वर चढला आणि तिथेच अडकला. १४० ला नेलं तर फिल्मचे काठ वर वळले आणि दोन्ही बाजूंची नक्षी एकमेकींवरून सरकली. शाई आणखी भाजायची कशी, एवढंच सांगा. झेनॉन फ्लॅशने सिंटरिंग, म्हणजे झगझगीत प्रकाशाने चांदीचे कण जोडणं, केलंय का कोणी? सोमवारी गाइडना आकडा दाखवायचा आहे, त्यामुळे जरा लवकर.

वेव्हगाइड
किती टेस्लाच्या चुंबकासाठी? पट्ट्याची रुंदी किती? शाईचा थर किती मायक्रॉन? क्यू कसा मोजलात? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसत्या ३३ वरून कोणी काय सांगणार?

चंदेरी_रेघ
१.५ टेस्ला, म्हणजे सिग्नल ६३.९ मेगाहर्ट्झचा. पट्टा ५ मिलिमीटर, थर साधारण १५ मायक्रॉन. क्यू नेटवर्क ॲनलायझरवर. भट्टीबद्दल कोणी सांगेल का?

शाई_आणि_जाळी
भट्टीबद्दल मी सांगतो, स्क्रीन प्रिंटिंगमध्येच आयुष्य गेलंय. तुमची शाई पत्रींची, म्हणजे फ्लेकची दिसतेय. ती वितळून एकजीव होत नाही. बाइंडर, म्हणजे शाईतला डिंक, आकसतो आणि पत्र्या एकमेकींना टेकतात, त्यातून करंट जातो. त्यामुळे वेळेपेक्षा सॉल्व्हंट पूर्ण निघून जाणं महत्त्वाचं. भट्टीत हवा फिरते का? नसेल फिरत, तर वरची साय आधी सुकते आणि खाली सॉल्व्हंट कोंडून राहतं. दुसरं म्हणजे एकच हात मारू नका. पहिला थर सुकवा, त्यावर दुसरा, मग तिसरा. जाळी जाड घ्या, स्क्वीजीचा (शाई ओढायच्या रबरी पट्टीचा) कोन कमी करा. थर ४० मायक्रॉनपर्यंत न्या आणि मग बोला.

वेव्हगाइड
थर जाड करून काय मिळणार? ६४ मेगाहर्ट्झला चांदीची स्किन डेप्थ ८ मायक्रॉन. करंट पृष्ठभागालगतच वाहतो, १५ मायक्रॉन पुरेसे आहेत. उरलेली चांदी वाया.

शाई_आणि_जाळी
तो आकडा शुद्ध चांदीचा झाला. शाई म्हणजे शुद्ध चांदी नव्हे.

कंसातला_एक
दोघांनी आकडेमोड करून बघा. आठ सेंटीमीटर व्यासाचा परीघ २५ सेंटीमीटर, पट्टा अर्धा सेंटीमीटर, म्हणजे एकापुढे एक ५० चौकोन. एकूण १ ओहम, म्हणजे चौकोनाला २० मिलिओहम. १५ मायक्रॉन जाडीला रेझिस्टिव्हिटी शुद्ध चांदीच्या एकोणीस पट येते. स्किन डेप्थ रेझिस्टिव्हिटीच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून या शाईत ती जवळपास ३५ मायक्रॉन. त्यांचा थर तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. थर वाढवल्याने रेझिस्टन्स नक्की उतरेल, शाई_आणि_जाळी यांचं बरोबर.

वेव्हगाइड
मान्य. शुद्ध धातूचा आकडा तसाच उचलला, माझी चूक. पण मग १ ओहम तरी खरा आहे का? मल्टिमीटरच्या दोन तारांनी मोजला असेल तर तारांचाच ०.२ ओहम त्यात धरला जातो.

चंदेरी_रेघ
चार तारांनी मोजलाय. क्यू दोन छोट्या प्रोब कॉइलनी, एस२१ चं (एका प्रोबमधून दुसऱ्यात पोचणाऱ्या सिग्नलचं) शिखर, उणे ३ डेसिबेलची रुंदी. प्रोब लांब ठेवून, शिखर उणे ४० डेसिबेलच्या खाली. मोजणीत चूक नाही. थर वाढवण्याचं लिहून घेतलं, उद्या दोन हात मारून बघतो.

लवचीक_सर्किट
मुळात छापायचं कशाला? फ्लेक्स पीसीबीवर (वाकणाऱ्या सर्किट बोर्डवर) ३५ मायक्रॉन तांबं एचिंग करून घ्या. २०० च्या वर क्यू मिळेल, फिल्मही वाकते, भट्टीचा प्रश्नच मिटला. मी चार वर्षं तेच करतोय. शाईच्या मागे लोक का लागतात हे मला खरंच कळत नाही.

कंसातला_एक
लागतात त्याला कारण आहे. बर्कलीतल्या आना क्लॉडिया अरियास आणि मायकेल लस्टिग यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये स्क्रीन प्रिंट केलेल्या लवचीक रिसीव्ह कॉइल दाखवल्या. त्यांचं म्हणणं असं की छापलेल्या कॉइलचा क्यू तांब्यापेक्षा कमी असला, तरी ती अंगाला चिकटून बसते. कडक कवचातली तांब्याची कॉइल दोन-तीन सेंटीमीटर दूर राहिली तर सिग्नल तिथेच हरवतो. लहान मुलाच्या छातीवर मोठ्यांच्या मापाचं कवच ठेवलेलं बघा, म्हणजे हे लगेच पटेल.

लवचीक_सर्किट
एचिंग केलेली फिल्मही अंगाला चिकटते हो. तुलना कडक कॉइलशी करून शाई जिंकली असं म्हणता येणार नाही.

पाऱ्यासारखं
लिक्विड मेटल वापरा. गॅलियम-इंडियम १५.५ अंशांनाच वितळतं, खोलीच्या तापमानाला द्रव असतं. सिलिकॉनच्या नळीत भरा आणि ओढा-ताणा, तडा जाण्याचा प्रश्न नाही. भट्टी लागत नाही.

कंसातला_एक
ताणायची कॉइल असेल तर चांगलंच आहे. पण त्याची कंडक्टिव्हिटी तांब्याच्या सतराव्या हिश्शाएवढी, म्हणजे चंदेरी_रेघ यांच्या शाईएवढीच. क्यू वाढवायला त्याचा उपयोग नाही.

हृदयलेख
मीही चांदीच्या शाईने ईसीजीचे इलेक्ट्रोड छापतो. एक महत्त्वाचं सांगतो: नुसत्या चांदीवर बेसलाइन सरकत राहते. वर सिल्व्हर क्लोराइडचा थर हवाच. मिठाच्या पाण्यात इलेक्ट्रोड बुडवून थोडा करंट दिला तरी थर बसतो. आणि जेल वाळायच्या आत मोजून घ्या.

चंदेरी_रेघ
हृदयलेख, माझी कॉइल त्वचेला इलेक्ट्रोडसारखी जोडायची नाहीये. आरएफ रिसीव्ह कॉइल आहे.

दोन थरांचा निकाल: रेझिस्टन्स ०.७ ओहम, क्यू ३८. बस्स. रेझिस्टन्स तीस टक्क्यांनी उतरला आणि क्यू पाचाने वाढला. शिवाय ती जागेवर स्थिर राहत नाही. बोटाने दाबलं की शिखर ६३.९ वरून जवळजवळ एक मेगाहर्ट्झ खाली सरकतं. थकलोय आता. फ्लॅश लँपचं कोणी सांगणार आहे का?

जुनी_बेंच
बोटाने नेमकं कुठे दाबल्यावर सरकतं? वेढ्यावर कुठेही, की ठरावीक जागी?

चंदेरी_रेघ
कपॅसिटर आहेत तिथे. बाकी ठिकाणी फारसं नाही.

जुनी_बेंच
चिप कपॅसिटरवर बोट ठेवून एक मेगाहर्ट्झ सरकत नाही. कुठले कपॅसिटर आहेत?

चंदेरी_रेघ
छापलेलेच. वर चांदी, खाली चांदी, मधे ५० मायक्रॉन पीईटी. दोन आहेत, प्रत्येकी ७० पिकोफॅरडच्या आसपास. सगळं छापलेलं असावं हाच तर प्रोजेक्टचा मुद्दा आहे, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

जुनी_बेंच
मग तीन आठवडे तुम्ही चुकीच्या जागी आग लावत होतात. शाई नव्हे, फिल्म तुमचा क्यू खातेय.

हिशेब बघा. तुमच्या वेढ्याचं इंडक्टन्स १८० नॅनोहेन्रीच्या आसपास, ६३.९ मेगाहर्ट्झला रिॲक्टन्स सुमारे ७१ ओहम. क्यू म्हणजे रिॲक्टन्स (एसी करंटला कॉइलचा होणारा अडथळा) भागिले तोटा, म्हणून क्यू ३३ म्हणजे एकूण २.१५ ओहमचा तोटा. त्यातला १.० शाईचा, तुम्ही स्वतः मोजलेला. उरलेला १.१५ कुठून आला? मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पीईटीचा लॉस टँजंट (कपॅसिटरमधली फिल्म किती ऊर्जा खाते त्याचं माप) ०.०१६ च्या आसपास असतो. ७१ ला ०.०१६ ने गुणा: १.१४. रेझोनन्सला कपॅसिटरची एकूण रिॲक्टन्स कॉइलएवढीच असते, त्यामुळे फिल्मचा हा तोटा जसाच्या तसा वेढ्यात येऊन बसतो. आता तुमचे जुने आकडे तपासा. शाई १.४ असताना एकूण २.५४, क्यू २८. शाई ०.७ ला एकूण १.८४, क्यू ३८.५. तिन्ही जुळतात. शाईचा रेझिस्टन्स शून्य केलात तरी या फिल्मवर क्यू ६२ च्या पुढे जाणार नाही.

खात्री करायला भट्टी लागत नाही. त्याच छापलेल्या वेढ्यात कपॅसिटरच्या जागी पोर्सिलेनचे चिप कपॅसिटर बसवा. सोल्डर लावू नका, शाई उचलली जाईल, चांदीच्या इपॉक्सीने चिकटवा. आणि चिपच्या टोकांना निकेल नसलेले घ्या, निकेल चुंबकाजवळ चालत नाही.

वेव्हगाइड
पहिल्याच पोस्टमध्ये ‘दोन्ही बाजूंची नक्षी’ लिहिलं होतं. वाचलं आणि पुढे गेलो. रिसीव्ह कॉइलला दोन बाजू कशाला लागतात, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

शाई_आणि_जाळी
हिशेब पटला. तरी जाड थर सोडू नका, फिल्म बदलल्यावर तोच मोठा तोटा उरेल.

लवचीक_सर्किट
पॉलिइमाइड घ्या मग. लॉस कमी, आणि भट्टी हवी तेवढी गरम करता येते.

जुनी_बेंच
कोरड्या हवेत उत्तम. पण पॉलिइमाइड पाणी शोषतं, वजनाच्या दोन-तीन टक्के सहज. डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या मधल्या फिल्ममध्ये, पाणी गेलं की लॉसही वाढतो आणि ट्यूनिंगही सरकतं. कॉइल तासभर घामट त्वचेवर ठेवायची आहे. मी पीईईके (उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) घेईन: लॉस टँजंट ०.००३ च्या आसपास, पाणी फारसं घेत नाही, काचस्थितीचं तापमान (जिथे प्लॅस्टिक मऊ पडायला लागतं) १४३ अंश, त्यामुळे १४० ला पीईटीसारखे काठ वळणार नाहीत. पीटीएफई (टेफ्लॉन) त्याहून सरस, पण प्लाझ्मा किंवा सोडियम एचिंग केल्याशिवाय त्यावर शाई धरत नाही, आणि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.१ असल्याने प्लेटा जवळपास दीडपट मोठ्या कराव्या लागतील.

चंदेरी_रेघ
आज करून बघितलं. एक थराचा, १ ओहमचाच वेढा घेतला. ब्लेडने खालच्या बाजूची चांदी खरवडून काढली, वरच्या पट्ट्यात दोन खाचा पाडल्या आणि इपॉक्सीने चिप बसवल्या.

क्यू ६१.

भट्टीला हात न लावता. बोट दाबून बघितलं, शिखर हलत नाही. शरीराऐवजी मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर ठेवून भारित क्यूही मोजला: आधी २०, आता २८. एक उणे भारित क्यू भागिले निर्भार क्यू, त्याचं वर्गमूळ, म्हणजे अजिबात तोटा नसलेल्या कॉइलच्या तुलनेत सिग्नल-टू-नॉइज, काढलं तर ०.६३ वरून ०.७४. तांब्याचं ०.९१ येतं. जुनी_बेंच सर, तीन आठवडे मी फक्त शाईच बघत होतो, फिल्म म्हणजे नुसता कागद समजत होतो. मनापासून आभार. शाई_आणि_जाळी, तुमचेही. पीईईकेच्या फिल्मची मागणी टाकतोय, दोन थर छापणार.

सोमवारी गाइडच्या हातावर ठेवून एक स्कॅन घेता येईल का, म्हणजे नुसत्या आकड्याऐवजी चित्रच दाखवता येईल?

जुनी_बेंच
नाही. कॉइलमध्ये डिट्यूनिंग (स्कॅनर पल्स सोडतो तेव्हा कॉइल बंद ठेवायची सोय) आहे का? पिन डायोडचा स्विच?

चंदेरी_रेघ
अजून नाही. फक्त बेंचवर मोजत होतो.

जुनी_बेंच
मग माणसाच्या अंगावर ठेवायची नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. ट्रान्समिट पल्सच्या वेळी ट्यून झालेला वेढा त्याच फ्रिक्वेन्सीचा जबर करंट ओढतो आणि खालची त्वचा भाजते. क्यू वाढला की तो करंटही वाढतो, म्हणजे तुमची आजची कॉइल कालच्यापेक्षा जास्त धोक्याची आहे. आधी एका कपॅसिटरला समांतर इंडक्टर आणि डायोडचा ट्रॅप (करंट अडवणारी जोडणी) लावा, तो बेंचवर तपासा: डायोड चालू केल्यावर शिखर किमान २५-३० डेसिबेलने बसलं पाहिजे. एकाहून जास्त कॉइल लावणार असाल तर रोमर आणि सहकाऱ्यांचा १९९० चा फेज्ड ॲरेवरचा (एकत्र वापरायच्या अनेक कॉइलवरचा) पेपर आधी वाचा, शेजारच्या कॉइल एकमेकींपासून सोडवायची ओव्हरलॅप आणि प्रीॲम्प्लिफायरची युक्ती त्यातच आहे. सोमवारी बाटलीच्या पाण्याचे आकडे दाखवा.

चंदेरी_रेघ
बरं. हाताचा विचार सोडला. ट्रॅपचा इंडक्टरही छापता येईल का, की तो तांब्याचाच गुंडाळू?

जुनी_बेंच
गुंडाळा. छापलेल्या इंडक्टरचा रेझिस्टन्स जास्त, ट्रॅप नीट अडवणार नाही.

हृदयलेख
पीईईकेवर सिल्व्हर क्लोराइड नीट बसतं का, कोणी करून बघितलंय?