राखणदार कॅरेक्टरला पॉवर किती द्यावी?

रानमांजर: आपल्या फँटसी रोलप्लेसाठी गावाचा राखणदार करतोय, कोकणातल्या आरवली गावचा देव वेतोबा, त्याच्यावरून सुचलं, त्याला लोक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात ना, तो रात्री फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. पण माझा फारच पॉवरफुल होतोय, काय करू?

काजवा: वेस हीच लिमिट ठेव. वेशीबाहेर ताकद शून्य, म्हणजे बाकीच्यांच्या कॅरेक्टर्सनाही काम उरतं.

सुरंगी: आणि चपला झिजल्या की ताकद कमी, गावाने नव्या वाहिल्या तरच परत, हे लोर (कॅरेक्टरमागची कथा) मला प्रचंड आवडेल!! फक्त नाव वेतोबा नको, तिथे आजही पूजा होते.

रानमांजर: भारी, नाव बदलतो. चपला शिवणारीचं कॅरेक्टर कोणीतरी घ्या प्लीज.