ब्रेन स्कॅनचा डेटा एकच, टीम ७०, आणि उत्तरं वेगवेगळी. असं कसं काय?

मुक्ता_एमए२
एमए सायकॉलॉजी सेकंड इयरला आहे, सेमिनारला एफएमआरआय घेतलंय, म्हणजे माणूस काही काम करत असताना त्याचा मेंदू स्कॅन करायची पद्धत. वाचता वाचता २०२० चा नेचर जर्नलमधला पेपर सापडला आणि डोक्याचा भुगा झालाय. १०८ लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून पैशांचा गेम दिला, इतके मिळतील किंवा इतके जातील, चान्स फिफ्टी-फिफ्टी, खेळणार का नाही ते सांगा. हा सगळा डेटा ७० टीमना दिला आणि ९ गोष्टी विचारल्या, अमुक भागात अमुक वेळी अ‍ॅक्टिव्हिटी दिसते का, हो किंवा नाही. त्यातल्या ५ गोष्टींवर साधारण २१ ते ३७ टक्के टीम हो म्हणतायत आणि बाकीच्या नाही!! मला इतके दिवस वाटायचं एमआरआय म्हणजे फोटो, त्यात दिसतंय ते दिसतंय. मग कुणी घोळ घातला का? सर विचारणारच की मग या फील्डवर विश्वास का ठेवायचा, काय सांगू?

ठिपकेवाला
घोळ कुणी घातला नाही गं. मी अशाच डेटावर काम करतो म्हणून सांगतो, एफएमआरआयमध्ये मेंदूच्या पेशींचं काम थेट दिसतच नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दिसतो, तोही पाचेक सेकंद उशिरा आणि किती तर जेमतेम एखाद टक्का. तो नॉइजमधून, म्हणजे नको असलेल्या चढउतारांतून, बाहेर काढायचा म्हणजे आधी डोकं हललेलं दुरुस्त करा, मग प्रत्येकाचा मेंदू एका ठरलेल्या साच्यात बसवा, मग स्मूदिंग, म्हणजे शेजारपाजारच्या ठिपक्यांशी सरासरी काढून चित्र जरा धूसर करायचं. आता धूसर किती करायचं, ५ मिमी का ८? दोन्ही चालतं, दोन्हीच्या बाजूने बोलणारे लोक आहेत. आणि त्या पेपरात नेमकं हेच निघालं की ज्यांचे नकाशे जास्त स्मूद त्यांचं उत्तर हो यायची शक्यता जास्त. सॉफ्टवेअर कुठलं वापरलं त्यानेही फरक पडला. ७० मधल्या कुठल्याही दोन टीमची पद्धत शंभर टक्के सारखी नव्हती.

अजून एक, कपाळामागचा खालचा मधला भाग म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत? प्रत्येक अ‍ॅटलासमध्ये, म्हणजे मेंदूच्या भागांच्या नकाशात, त्याची हद्द वेगळी, आपल्याकडे सातबाऱ्यावरून भांडणं होतात तसलाच प्रकार. एकाच्या हद्दीत लाल ठिपका आला, दुसऱ्याच्या हद्दीबाहेर पडला. त्याने नाही लिहिलं.

आणि तू ५ गोष्टी सांगितल्यास, उरलेल्या ४ पण बघ. एकीवर ८४ टक्के टीम हो म्हणाल्या, तिघींवर जवळपास ९४ टक्के नाही. म्हणजे सरसकट गोंधळ नाहीये.

स्पष्टच_बोलतो
म्हणजे थोडक्यात रंगीत चित्रं काढून पेपर छापायचे. मेलेल्या माशाच्या मेंदूत पण अ‍ॅक्टिव्हिटी सापडली होती ना यांना? आणि याच्याच जोरावर २००८ ला पुण्याच्या कोर्टात ब्रेन टेस्ट पुरावा म्हणून चालली.

गणितवाली_काकू
@स्पष्टच_बोलतो अहो जरा थांबा, तीन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घातल्यात तुम्ही. पुण्याची ती टेस्ट ईईजीवरची, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचे विजेचे सिग्नल मोजायची होती, इमेजिंग नव्हेच. आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सेल्वी निकालात स्पष्ट सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध असल्या टेस्ट करता येणार नाहीत.

माशाचं म्हणाल तर तो बेनेट आणि मंडळींनी २००९ ला मुद्दाम केलेला प्रयोग. बाजारातला मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो "दाखवले", आणि मेंदूत हजारो जागी एकदम टेस्ट लावून करेक्शन न करता, म्हणजे इतक्या टेस्ट लावल्या याचा हिशोब न धरता, बघितलं तर काही ठिपके पेटलेले. अर्थ हा की इतक्या टेस्ट लावल्या तर नुसत्या योगायोगानेही काहीतरी लागतंच. करेक्शन केल्यावर काही उरलं नाही. २०१२ ला इग नोबेल मिळालं, ते वेगळं. यांनी स्वतःच्याच धंद्याची खोड काढली आणि तुम्ही त्यांनाच नावं ठेवताय.

खरं तर त्यापेक्षा गंभीर २०१६ चं एकलुंड, निकोल्स, क्नुटसन यांचं काम आहे. करेक्शन केलं तरी काही प्रचलित पद्धतींमध्ये जिथे ५ टक्के खोटे पॉझिटिव्ह, म्हणजे काही नसताना काहीतरी सापडलं असं, यायला हवेत तिथे वाईट केसमध्ये ७० टक्क्यांपर्यंत येत होते. त्यावर "४०,००० पेपर धोक्यात" अशी हेडलाइन फिरली, ती अतिशयोक्त होती आणि लेखकांनी स्वतःच ते वाक्य दुरुस्त केलं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर अजून तीच फिरतेय.

मुक्ता_एमए२
थँक्यू काकू 🙏 पण एक सांगा, माझ्या मैत्रिणीचा गाइड म्हणतो २५ जण स्कॅन केले की पुरे, चिंतेचा स्कोअर आणि मेंदूचा संबंध काढू. हे चालेल का?

गणितवाली_काकू
नाही चालणार, आणि हे मी जरा जोरातच म्हणते. २०२२ मध्ये मारेक वगैरेंनी जवळपास ५०,००० लोकांचा डेटा घेऊन तपासलं, त्यात यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य डेटासाठ्याचाही होता. माणसामाणसातल्या फरकांचा मेंदूशी संबंध लावायचा तर हजारो लोक लागतात, कारण संबंधच फार बारीक असतो. २५ जणांत तो सापडला तर उगाच फुगलेला सापडतो, दुसऱ्या २५ जणांत गायब किंवा उलट्या दिशेला. शितावरून भाताची परीक्षा होते, माणसांची होत नाही.

ठिपकेवाला
काकूंना प्लस वन, पण एक भर घालतो नाहीतर मुक्ता सगळं फील्डच सोडून द्यायची. प्रश्न एकाच माणसात बोटं हलवताना कुठला भाग काम करतो असा असेल तर तो थोड्या लोकांतही पुन्हा पुन्हा येतो, ट्यूमरच्या ऑपरेशनआधी न्यूरोसर्जन त्याचा आधार घेतात. काही ग्रुपनी १० च माणसं घेऊन प्रत्येकाला कित्येक तास स्कॅन केलंय. म्हणजे किती जण हे प्रश्नावर ठरतं.

सरांना सांगायला अजून एक मुद्दा, मला तरी तोच महत्त्वाचा वाटतो. कट-ऑफ, म्हणजे किती सिग्नल असला की "आहे" म्हणायचं ती रेघ, लावायच्या आधीचे नकाशे एकमेकांवर ठेवले तर त्या टीमपैकी बऱ्याच जणांचे बरेच सारखे होते, काही उलटे निघाले तेवढे सोड. फरक वाढला तो कट-ऑफ लावून हो का नाही ठरवताना. त्यामुळे पेपरात नुसता पेटलेला ठिपका न छापता अख्खा नकाशा द्यावा असा आग्रह धरतात. त्या टीमचे नकाशे न्यूरोव्हॉल्ट साइटवर फुकट आहेत, कच्चा डेटा ओपनन्यूरो साइटवर. कच्चा उतरवायच्या भानगडीत पडू नको, लॅपटॉपची डिस्क भरेल. चार टीमचे नकाशे घे, पहिल्या गोष्टीचेच घे, आणि एका स्लाइडवर शेजारी शेजारी लाव, आधी कट-ऑफशिवाय, मग कट-ऑफसकट.

मुक्ता_एमए२
हे भारी आहे, आज रात्रीच बसते. नकाशे उघडायला कुठलं सॉफ्टवेअर लागेल?

ठिपकेवाला
साइटवरच ब्राउझरमध्ये उघडतात. नंतर एमआरआयक्रोजीएल टाक, फुकट आहे. कलर स्केल चारींना सारखीच ठेव हां, नाहीतर तूच ७१ वी टीम होशील.