ऑपरेशनच्या दिवशी शुगर १८०: डॉक्टर आळशी का?

तर्रीवाला: काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "शुगर ११०च्या वर असताना सुरी लावतो तो सर्जन नाही, कसाई. १८० चालते म्हणणारे सगळे आळशी." रात्रभर डोकं सणकलं. काका, हे ११० आलं कुठून? २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या सर्जिकल आयसीयूतून. इन्सुलिन लावून शुगर ८० ते ११० ठेवली, आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६वर आले. मग सारं जग त्यामागे धावलं. २००९मध्ये नाइस-शुगर नावाच्या आयसीयूतल्याच अभ्यासानं सहा हजारांवर पेशंट पाहिले अन् उलटंच निघालं. कडक कंट्रोलवाले ९० दिवसांत २७.५ टक्के गेले, १८०पर्यंत चालवलेले २४.९. शुगर ४०पर्यंत किंवा खाली कोसळली ती पहिल्यांत ६.८ टक्क्यांची, दुसऱ्यांत ०.५. आता बोला.

सीमा_धरमपेठ: हे सगळं आयसीयूचं. माझ्या आईचा गुडघा होता. शुगर २४०, "होऊन जाईल" म्हणाले. टाके चिघळले, दीड महिना ड्रेसिंग. तुमची टक्केवारी आईला वाचून दाखवू का?

तर्रीवाला: २४०ला मी कुठं बरोबर म्हणून राहिलो, ताई? २००च्या आत हवीच.

निवृत्त_भूलतज्ज्ञ: ऑपरेशन ही शरीराला जखमच. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, दाह वाढतो, डायबेटिस नसलेल्याचीही शुगर वर जाते. त्यात उलटी होऊ नये म्हणून शुगर चढवणारं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, आम्हीच देतो. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, हे काकांचं अर्धं खरं. पण डायबेटिसच्या एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तीन दिवस आधी बंद केल्या का, हे कोणी सांगत नाही. नाही केल्या तर शुगर साधीच दिसते अन् रक्त आम्लानं भरतं. आणि उपाशी ठेवलेल्या पेशंटला लपून तर्री-पोहे चारणाऱ्या नातेवाइकांवर मी वेगळा धागा काढणार आहे.

वऱ्हाडी_ठेचा: शुगर सोडा जी. रात्री वॉर्डात असतो कोण? रेसिडेंट, म्हणजे पीजी शिकणारा डॉक्टर. बाबा म्हणाले, "जीव घाबरून राहिला, हातपाय कापून राहिले." पोरगा बाहेरच्या राज्यातला. त्याला वाटलं म्हातारा ऑपरेशनला भ्याला. झोपेची गोळी दिली! सिस्टरनं बोटातून रक्त काढलं तर शुगर कोसळून ५२. इथली पोरं काहून घेत नाही?

पीजी_दुसरं_वर्ष: कारण सरकारी कॉलेजातल्या पीजीच्या निम्म्या जागा देशभरच्या कोट्यातून भरतात, आणि उरलेल्यांतलं डोमिसाइलचं आरक्षण सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५मध्ये घटनाबाह्य ठरवलं. मी नागपूरच्या महालातली, पीजी तमिळनाडूत. तिथं "बाहेरची पोरगी" मी आहे. "मयक्कम" म्हणजे चक्कर, हे पहिल्याच आठवड्यात शिकले.

वऱ्हाडी_ठेचा: तुम्ही शिकल्या. तो नाही शिकला.

पीजी_दुसरं_वर्ष: नसेल शिकला. पण इन्सुलिनवरचा पेशंट थरथरला की आधी बोटाला सुई, याला मराठी लागत नाही. सलग छत्तीस तास जागलेला नागपूरचा पोरगाही हे विसरतो, काका. मी पाहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा: बरं बाप्पा, थरथरीला भाषा नसते, मान्य. सिस्टर मात्र वर्ध्याची होती, एवढं लिहून ठेवा.

सीमा_धरमपेठ: झालं तुमचं? माझ्या आईच्या टाक्यांचं काय?

निवृत्त_भूलतज्ज्ञ: एचबीएवनसी, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, किती होती?

सीमा_धरमपेठ: ९.६ टक्के.

निवृत्त_भूलतज्ज्ञ: म्हणजे तीन महिन्यांपासूनचं दुखणं. गुडघा काही पळून जात नव्हता. पुढं ढकला, असं कोणीच म्हणालं नाही?

सीमा_धरमपेठ: म्हणाले होते. भाऊ पुण्याहून रजा टाकून आला होता. आम्हीच नाही म्हटलं.