'डूम्सडे मशीन' नव्या इफेक्ट्ससकट परत बघितलात का? अनुभव लिहा

मंडळी, मूळ स्टार ट्रेक या अमेरिकन अवकाश मालिकेतला 'द डूम्सडे मशीन' हा भाग परवा परत बघितला, आधी जुन्या इफेक्ट्सचा आणि लगेच पाठोपाठ रिमास्टर केलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिका १९६६ ते १९६९, भाग ७९, आणि हा भाग ऑक्टोबर १९६७ चा. २००६ पासून सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीने मूळ निगेटिव्ह एचडीत स्कॅन केल्या आणि अवकाशातली दृश्यं, म्हणजे यान, ग्रह, फेझर (यानाचं किरणांचं शस्त्र) वगैरे, कॉम्प्युटरवर नव्याने केली. माणसांचे सीन तेच, फक्त स्वच्छ. २००९ च्या ब्लू-रे संचात दोन्ही प्रकार आहेत, हवा तो लावा.

गोष्ट अशी की एक अजस्र यंत्र ग्रहच्या ग्रह फोडून त्यांचंच इंधन करत आकाशगंगेतून चाललंय. त्याने मोडून टाकलेलं कॉन्स्टेलेशन नावाचं यान एंटरप्राइजला, म्हणजे मालिकेतल्या मुख्य यानाला, सापडतं, आत एकटा त्याचा प्रमुख कमोडोर डेकर. त्याने आपली चारशे माणसं वाचावीत म्हणून खालच्या ग्रहावर उतरवली आणि यंत्राने नेमका तोच ग्रह खाल्ला.

माझं मत आधीच सांगते म्हणजे भांडायला सोपं पडेल. या भागाला नवे इफेक्ट्स हवेच होते, पण फक्त कॉन्स्टेलेशनसाठी, बाकी यंत्रबिंत्र जुनंच चाललं असतं. तुम्ही कुठे, कशात पहिल्यांदा स्टार ट्रेक बघितलं आणि आता हे बघून काय वाटलं ते लिहा. 'भारी होता' एवढंच टाकून पळू नका.

गच्चीवरचा अँटेना

आमच्याकडे इचलकरंजीला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. कोण लाल शर्टवाला कोण पिवळा काही कळायचं नाही, सगळेच राखाडी, त्यामुळे लाल शर्ट घातलेला मरतो हा जगप्रसिद्ध जोक मला पुढे कितीतरी वर्षांनी इंटरनेट आल्यावर कळला आणि मग खूप गोष्टींचा उलगडा झाला. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण टोकदार कानवाला स्पॉक बोलतो ते बरोबर असतं एवढं समजलं होतं. इफेक्ट्स खराब आहेत असं तेव्हा वाटायचा प्रश्नच नव्हता हो, पडद्यावर मुंग्या आल्या की ते पण अवकाशच.

आता मुलाच्या मोठ्या टीव्हीवर बघितला. माझ्या मते नव्या यानांपेक्षा जास्त फरक पडलाय तो साफसफाईने. डेकरची दाढीची खुंटं, सुजलेले डोळे, शर्टावरचा मळ, हे मी पूर्वी कधी बघितलंच नव्हतं. याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे यानं मोजत बसतात.

रोटोवाली

इफेक्ट्स करणं हेच माझं रोजचं काम आहे (अंधेरीत, रात्री-बेरात्री, विचारू नका) म्हणून थोडं तांत्रिक लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा. तेव्हा मॉडेल निळ्या पडद्यासमोर शूट करायचे, तारे वेगळे, किरण वेगळा, आणि मग ऑप्टिकल प्रिंटरवर एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर परत परत फोटो काढत ते सगळे थर एकत्र आणायचे. प्रत्येक फेरीत ग्रेन वाढणार, धूळ बसणार, रंग मरणार. जुन्या टीव्हीवर ते खपून जायचं. पण निगेटिव्ह एचडीत स्कॅन केल्यावर माणसांचे सीन लखलखीत आणि मध्येच यान आलं की एकदम गढूळ, मग करणार काय? म्हणून नवीन केले, कोणाला हौस आली म्हणून नाही.

जुन्या भागात काही शॉटमध्ये ते यंत्र चक्क अर्धवट पारदर्शक दिसतं, ग्रह फोडणारं यंत्र आणि आरपार दिसतंय! ते नव्यात गेलं, बरं झालं. पण नवं यंत्रही मला पूर्ण पटलं नाही. अंगावर खरखरीतपणा आहे, तोंडात आग आहे, वजन नाही. डेकर सांगतो की त्याच्या तोंडात डझनभर यानं मावतील, मग एवढं धूड समोर असताना त्याच्या बाजूने जायला यानाला वेळ लागायला पाहिजे की नको? नव्यात एंटरप्राइज जरा जास्तच गिरक्या मारतं. जुन्यात मॉडेल जड होतं, कॅमेरा हळू जायचा, नाइलाजाने का होईना पण आकार जाणवायचा.

कॉन्स्टेलेशनबद्दल मात्र धागाकर्तीला +१. जुन्यात ते दुकानात मिळणारं एएमटी कंपनीचं एंटरप्राइजचं प्लॅस्टिक किट होतं, इकडे तिकडे भाजून वितळवलेलं. त्याचा नंबर १०१७ का माहितीये? किटमध्ये एंटरप्राइजच्या १७०१ या नंबरचे आकडे होते तेच उलटसुलट चिकटवले!

कुजकट काकू

ज्याने हा भाग लिहिला त्या नॉर्मन स्पिनरॅडच्या डोक्यात शस्त्रांनी खच्चून भरलेलं यंत्र होतं आणि त्याला मिळालं सिमेंटात बुडवलेलं विंडसॉक, विमानतळावर वारा दाखवायला लावतात ना ते. हे त्यानेच सांगितलंय. मला ते पहिल्यापासून मेंदीचा कोन वाटत आलंय आणि रिमास्टरमध्ये आता एचडीतला मेंदीचा कोन. तेवढ्याने मी घाबरणार नाही.

व्हर्जिनियाचा पाहुणा

इथे वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये एंटरप्राइजचं मूळ मॉडेल आहे, ११ फुटी. १९७४ पासून ते स्मिथसोनियनकडे आहे आणि २०१६ मध्ये नीट दुरुस्त करून मांडलं. भारतातून कोणीही आलं की मी तिथे नेतो, त्यांना इच्छा असो नसो. आईने फेरी मारून एकच विचारलं, "या बाजूचं काम अर्धवट का टाकलंय रे?" तिला बरोब्बर दिसलं. डाव्या बाजूने आतल्या दिव्यांच्या वायरी जायच्या म्हणून तिकडे बारकावे केलेच नव्हते, शूटिंग बहुतेक उजवीकडूनच. त्यामुळे रिमास्टरमध्ये यान डावीकडून ऐटीत दिसतं तेव्हा मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं, सवय हो, दुसरं काय. पण या भागातल्या लढाईत ते सगळ्या बाजूंनी दिसतं त्याची मजा आली, रोटोवालींच्या गिरक्यांसकट.

मूळप्रतवाला

माझा तत्त्वतः विरोध आहे आणि राहणार. १९६७ साली ज्यांनी चार पैशांत हे उभं केलं त्यांचं काम पुसून वर नवं चिकटवायचा हक्क कोणाला? याच भागाला १९६८ मध्ये ह्युगो या विज्ञानकथांच्या पुरस्काराचं नामांकन होतं, त्या वर्षी त्या गटातली सगळी नामांकनं स्टार ट्रेकचीच होती, आणि ते विंडसॉक बघूनच मिळालं ना? स्टार वॉर्सचं १९९७ मध्ये काय केलं बघा, मूळ आवृत्ती चांगल्या दर्जात मिळेनाशी झाली. इथे निदान दोन्ही एका डब्यात दिलंय म्हणून माझा आवाज खालचा आहे. पण स्ट्रीमिंगवाले सरसकट नवाच दाखवतात आणि नवीन पोरांना वाटतं की असंच होतं.

नवीन पोर

आलोच, वर माझा उल्लेख झाला म्हणून :) मी फक्त रिमास्टर बघितलाय आणि इफेक्ट्स मला धड जुने पण नाही आणि आजचे पण नाही असे वाटले, २००७ च्या व्हिडिओ गेमसारखे. ठीक. पण तो डेकर? किती ती ओव्हरअ‍ॅक्टिंग, रडतो काय, डोळे काय फिरवतो, शेवटी शटल घेऊन निघतो तेव्हाचा चेहरा तर अगदीच नाटकी. यावर सगळे एवढे फिदा का आहेत?

धागाकर्ती परत

@नवीन पोर, डेकर झालेल्या विल्यम विंडमचे हात बघ. चेहरा सोड. एंटरप्राइजच्या खुर्चीत बसून हुकूम देत असतो तेव्हा बोटांत दोन छोट्या चौकोनी टेप घेऊन एकावर एक सरकवत असतो, सतत. त्याच्याकडे बघून कोणी काही म्हणत नाही. हे जुन्यातही होतंच, पण आता इतकं स्वच्छ दिसतं की नजर तिकडेच जाते. आणि ही भूमिका रॉबर्ट रायन हा नट डोळ्यासमोर ठेवून लिहिली होती, तो आला असता तर कदाचित तुला हवा तसा आतल्या आत घुसमटणारा डेकर मिळाला असता. मला विंडमच हवा.

सुकाणू

मर्चंट नेव्हीत उभी हयात गेली, त्यामुळे हा भाग मी इफेक्ट्ससाठी बघूच शकत नाही. एंटरप्राइजचा कॅप्टन किर्क विचारतो माणसं कुठे, डेकर म्हणतो तिसऱ्या ग्रहावर. किर्क म्हणतो तिसरा ग्रहच नाही. आणि मग डेकर ओरडतो की ते मला माहीत नाही का, होता, आता नाही. हे ओव्हरअ‍ॅक्टिंग वाटणाऱ्याने एकदा विचार करावा की तो जहाजावर मागे का राहिला. कॅप्टन सगळ्यात शेवटी उतरतो म्हणून राहिला, तेवढ्यात परत हल्ला झाला, ट्रान्सपोर्टर (माणसं क्षणात इकडून तिकडे पाठवणारं यंत्र) गेला आणि तो अडकला. म्हणजे नियम पाळला म्हणून वाचला, आणि वाचला हीच शिक्षा. पुढे तोच माणूस नियम दाखवून स्पॉककडून एंटरप्राइज हिसकावून घेतो, डॉक्टर मॅकॉय थयथयाट करतो पण तपासणी झालेली नाही म्हणून त्याला अनफिट ठरवता येत नाही. कागदावर सगळं बरोबर. असे प्रसंग बोटीवर खरंच येतात, फक्त ग्रह खाणारं यंत्र नसतं.

आता इफेक्ट्स. जुन्या कॉन्स्टेलेशनकडे बघून मला वाटायचं की हे काय, डागडुजी करून बंदरापर्यंत आणता येईल. नव्यात इंजिनं चिरडलीयेत, पत्रा सोललाय, आजूबाजूला फुटलेल्या ग्रहांचे दगड तरंगतायत आणि त्यातून ते यान मेल्यासारखं वाहत येतंय. ते बघितल्यावर आत टेबलावर डोकं टाकून बसलेला डेकर दिसतो तेव्हा त्याचं ओरडणं कमीच वाटतं. एवढ्या एका बाबतीत नव्या लोकांनी विंडमला मदत केली. मूळप्रतवाले, यावर उत्तर द्या.

मूळप्रतवाला

देतो. तो प्लॅस्टिकचा तुकडा असतानाही मला डेकरचं पटलं होतं. पण मुद्दा पोचला, कॉन्स्टेलेशन सोडलं तुम्हाला.

कानसेन

संगीताबद्दल कोणीच लिहीना म्हणून मी. सॉल कॅप्लनने या भागासाठी खास संगीत केलं होतं आणि यंत्र जवळ येताना जे खर्जातलं ठोके दिल्यासारखं वाजतं ते ऐकून लोकांना शार्कचा सिनेमा जॉज आठवतो, पण जॉज १९७५ चा, हे आठ वर्षं आधीचं. रिमास्टरमध्ये ते तसंच ठेवलंय, नशीब. शीर्षकसंगीत मात्र परत रेकॉर्ड केलंय, नवीन गायिका घेऊन. वाईट नाही, पण जुन्या बाईंचा तो वर जाणारा आवाज कानात इतका बसलाय की मी दर वेळी म्यूट करतो.

शेवटच्या दहा मिनिटांत तर डोळे मिटून ऐकलं तरी चालेल. कॉन्स्टेलेशन यंत्राच्या तोंडात नेऊन उडवायला निघालेला किर्क एकटा, स्फोटाला तीस सेकंदांची मुदत, ट्रान्सपोर्टर बिघडलेला, इंजिनिअर स्कॉटी दुरुस्तीच्या नळकांड्यात हात घालून शिव्या देतोय आणि किर्क अगदी सभ्यपणे सुचवतो की मंडळी, आता मला वर घ्या. त्यात एक इफेक्ट बदलला काय नि न बदलला काय.

रोटोवाली

कानसेन, डोळे मिटून?? आमच्या पोटावर पाय नका देऊ.

धागाकर्ती, पुढच्या वेळी 'बॅलन्स ऑफ टेरर' घ्या की, रिमास्टर करून सप्टेंबर २००६ मध्ये सगळ्यात आधी दाखवलेला भाग तोच होता. त्यात शत्रूचं, म्हणजे रोम्युलन, यान नव्याने केलंय आणि तिथे मी मूळप्रतवाल्यांच्या बाजूने भांडणार आहे.